कागदाच्या गटातल्या बायका

मु. हिवरखडा, पो. नेकनूर
६ जानेवारी २००४

रतन,

खुशाली कळवायला लिहीत न्हाई. गावात फोन एकच, धुळाजीच्या दुकानातला रुपयाचा डबा, आन् मला जे बोलायचंय ते त्याच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई, म्हणून पत्र.

काल सकाळी संस्थेत दूध घालायची येळ होती. बाया चरव्या घेऊन रांगेत उभ्या. तेवढ्यात तुमच्या दवाखान्याची पांढरी जीप आली. दारावर मोठ्या अक्षरात 'कॅन्सर विभाग' लिहिलेलं. आतून एक पोरगी उतरली आन् सगळ्यांदेखत तिनं इचारलं, "वच्छलाबाई कोण? छातीचं ऑपरेशन झालेल्या?"

मी दुधाचं माप हातात धरून उभी होते. म्हणलं, "चुकीच्या गावात आलीस बाई."

ती म्हणाली, "नाही हो, पत्ता बरोबर आहे." आन् कागद पुढं केला. भिवराबाईनं आपली चरवी हळूच मागं घेतली.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तवापासून मी ही गोष्ट दाबून ठेवलीती. गावाला सांगितलं, गर्भपिशवी काढली. झंपरात कापसाची घडी घालून मीटिंगा घेतल्या. तुझ्या भावाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. औंदा पाऊस न्हाई, रानात काडी न्हाई. तहसीलला खेटे घालून मी जनावरांची छावणी आपल्या महिला दूध संस्थेच्या नावावर आणली. ती धुळाजीला कारखान्याच्या पुढाऱ्याच्या हातात द्यायचीय. त्याला माझ्या विरोधात कारण पाहिजे होतं. ते तुमी जीपमधून घरपोच आणून दिलं.

तुझ्या आईच्या मातीचा निरोप तुला उशिरा पोचला, तवापासून तू आमच्या दारात पाणी प्याली न्हाईस. तो दावा साधायचा होता तर तोंडावर बोलायचं. हे असं कावून केलंस?

वच्छला

औरंगाबाद
१३ जानेवारी २००४

सौ. वच्छलावैनी यांस,

पत्र मिळालं. जीप मी पाठवली नाही. मी वॉर्डातली नर्स आहे, अभ्यासाच्या कामाला मदत करते. घरभेटी समाजसेवा विभाग ठरवतो. ती मुलगी नवी आहे, तिला समज मिळेल.

पण घरभेटीला संमती तुम्हीच दिली होती. दादा तुमच्या शेजारी उभे होते. अभ्यास कशाचा आहे हे डॉक्टर कुर्लेकरबाईंनी तुम्हाला बसवून सांगितलं होतं. छातीच्या कॅन्सरमधून बाई वाचते, पण त्यानंतर तिचे दिवस कसे जातात, हात सुजतो का, झोप लागते का, मन कशात लागतं का, आणि हे सगळं सुधारायला काय करता येईल, हे बघायचं आहे. त्यासाठी प्रश्न विचारावे लागतात. दिवाळीनंतरच्या तपासणीनंतर तुम्हाला दोनदा बोलावलं, तुम्ही आला नाहीत, म्हणून माणूस पाठवावं लागलं.

आणि लपवायचं मुळात काय होतं? हा आजार शिवल्यानं होत नाही, दुधातून जात नाही. तुम्ही चेअरमन आहात. एकदा उभ्या राहून हे सांगितलं असतं तर भिवराबाईला चरवी मागे घ्यायला कारण उरलं नसतं. तुम्ही स्वतःच लाजलात, मग गाव लाजलं.

आईबद्दल पत्रात बोलायची माझी इच्छा नाही. निरोप आला तेव्हा चिता विझली होती, एवढंच मला माहीत आहे. त्याचा आणि जीपचा संबंध जोडू नका. सूड उगवण्याइतकी मी रिकामी नाही.

प्रश्नांचा कागद सोबत पाठवते. जीप नको असेल तर भरून पोस्टानं धाडा.

रतन

हिवरखडा
२० जानेवारी २००४

रतन,

कागद वाचला. जबाब देते.

'गेल्या आठवड्यात जड पिशवी उचलताना हाताला त्रास झाला का?' पिशवी न्हाई, घागर उचलते. टँकर हिरीत पाणी ओततो, तिथून शेंदून आणावं लागतं. त्रास झाला. सगळ्या गावालाच होतो.

'झोप नीट लागते का?' टँकर कवा येतो त्यावर हाय.

'आपण बाई म्हणून कमी पडलो असं वाटतं का?' हा प्रश्न ज्या कुणी लिहिला तिला म्हणावं, संक्रांतीला माझ्या ओसरीत येऊन बसायचं होतं. मी सतरंजी हातरली, तिळगूळ केला, वाणाला डबे आणले. दरसाली बसाया जागा पुरत न्हाई. औंदा एक बाई फिरकली न्हाई. नेकनूरची अजमतबी तेवढी आली, बांगड्या भराया. डाव्या हातात माझी नेहमीची बांगडी चढंना, तिनं मोठं माप काढलं. काही इचारलं न्हाई. मला तिथं रडू आलं असतं, पण मी रडले न्हाई.

'एकूण जगणं कसं चाललंय, एक ते सातात आकडा सांगा.' तुमची जीप यायच्या आधी पाच होता. आता तुमीच लिहा.

आता माझा एक प्रश्न. बीडच्या स्टँडवर मला केजची मदिनाबी भेटली. माझ्यासारखंच ऑपरेशन, तुमच्याच अभ्यासात नाव. तिनं सांगितलं की तिला हाताचा व्यायाम शिकवला, पट्टी बांधाया शिकवली, धा-बारा बायांना एकत्र बसवून बोलतं केलं. तिचा हात काडीसारखा. मला काय दिलं तुमी? एक छापील कागद. 'हात स्वच्छ ठेवा, काळजी करू नका.' पाकिटं तूच वाटीत होतीस. मदिनाबी तुझी कुणी न्हाई, तिला व्यायाम. मी तुझी भावजय, मला कागद. आता मला सगळं कळलं.

माझं नाव काट. तुमच्या अभ्यासात मला ठेवू नका.

वच्छला

औरंगाबाद
३० जानेवारी २००४

वच्छलावैनी,

नाव कमी केलं. डॉक्टरबाईंची सही झाली.

पाकिटं मी वाटत होते, पण ती बंद असतात. कुणाला काय हे बाहेरून चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरून येतं, आमच्यापैकी कुणालाच त्यात हात घालता येत नाही. निम्म्या बायकांना व्यायाम, निम्म्यांना कागद. दोन्हीकडचं बघितलं तरच कळतं की व्यायामानं खरोखर फरक पडतो का नुसतंच वाटतं. माझी आई असती आणि तिला कागद निघाला असता, तरी मला तिला काही शिकवता आलं नसतं. ज्या दिवशी एक नर्स आपल्या माणसाला गुपचूप शिकवील, त्या दिवशी सगळा अभ्यास खोटा.

दिवाळीनंतर तुम्ही तपासणीला आलात तेव्हा तुमचं मनगट मी बघितलं होतं. सूज सुरू झाली होती. नियमानं उपचार सुरू करावेत इतकी नव्हती. मी गप्प राहिले.

आता तुम्ही अभ्यासात नाही. म्हणून पुढचं लिहिते. डॉक्टरबाईंना विचारून लिहिते.

भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. डाव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवा, ओढ बसेल तिथे थांबा, मग हळू खाली. खांदे मागे फिरवा. हात डोक्याच्या वर धरून मूठ उघडा, मिटा. पोटातून सावकाश श्वास. सकाळ-संध्याकाळ. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. घागर त्या हातानं उचलायची नाही. त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही. काटा लागला, कापलं, तर लगेच धुऊन मलम लावा, लाल झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि डाव्या हातातल्या बांगड्या काढा. मोठ्या मापाच्यासुद्धा.

हे सगळं तुम्ही भांडून बाहेर पडलात म्हणून लिहिता आलं. भांडायला उशीर केलात.

रतन

हिवरखडा
१२ फेब्रुवारी २००४

रतन,

तुझी दया पोचली. ठेवून घे.

नवरा धडधाकट असताना मी एक हात मोकळा करून छावणीत फिरू? आधीच बाया मला बघून पदर सावरतात. मोकळा हात दिसला तर म्हणतील, हिनं रामकिसनला जित्तेपणीच घालवला. तुला एकटीला राहायची सवय हाय, तुला बांगडीचं काय.

भिंतीवर मुंग्या चढवाया मला येळ न्हाई. छावणीत रोज चाऱ्याला उसाचं वाढं येतं, ते मोजून घ्यावं लागतं, न्हाईतर धुळाजीची माणसं निम्मं परस्पर वळवतात. माझ्यावर अविश्वास ठराव आणलाय. सुचवणार भिवराबाई, धुळाजीची भावजय. अनुमोदन बायनाबाईचं, जिला म्हैस घ्यायला मी जामीन राहिलेते. कारण लिहिलंय, 'चेअरमन यांच्या आजारपणामुळे दुधाच्या शुद्धतेबाबत सभासदांत संशय.' मार्चच्या अखेरीला सभा हाय.

तू म्हणलीस ना, उभं राहून सांगायचं होतं. सांगते आता. तुझ्या सांगण्यावरून न्हाई.

वच्छला

औरंगाबाद
२२ मार्च २००४

वच्छलावैनी,

तुम्ही वॉर्डात होता तेव्हा तापात होतात, आणि ताप उतरल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलात. म्हणून तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहिते.

उसाच्या पात्यानं बोट कापलं आणि तुम्ही त्यावर हळद दाबून दोन दिवस चारा वाटत राहिलात. दादा तुम्हाला घेऊन आले तेव्हा हात कोपरापर्यंत लाल होता आणि बांगड्या मांसात रुतल्या होत्या. त्या मी कापून काढल्या. तुम्ही मला शिव्या दिल्यात. वॉर्डातल्या बाकीच्या नर्सेसना आपलं नातं ठाऊक नव्हतं, ते त्यामुळे कळलं.

आणखी एक दिवस गेला असता तर विष रक्तात उतरलं असतं. डॉक्टरबाईंनी तुमच्यासमोर मऊ शब्दांत सांगितलं, मी तसं सांगत नाही.

तुम्हाला वाटतं मी दया करते. दयेचं मला काम नाही. माझ्या वॉर्डात येणाऱ्या बायका ऑपरेशननं मरत नाहीत. मागाहून घरी, असल्या हट्टापायी हात नासवून परत येतात, तेव्हा मला राग येतो. तुमचाही आला.

हातावर घालायची घट्ट बाही दादांबरोबर दिली आहे. दिवसा घाला. लोकांना दिसेल. दिसू द्या.

रतन

हिवरखडा
१४ एप्रिल २००४

रतन,

सभा झाली. छावणीच्या मांडवातच घेतली. धुळाजी बाहेर जीपला टेकून उभा होता.

ठराव वाचून झाल्यावर मी उठले. ती तुझी बाही घातलेली होती. मी म्हणलं, "बायांनो, मला छातीचा कॅन्सर झालता. एक छाती कापून काढलीय. मी तुमाला गर्भपिशवी सांगितलं, ते खोटं होतं. हा आजार दुधात उतरत न्हाई. ज्या चरवीला मी हात लावला त्याच चरवीतलं दूध तुमच्या नातवंडांनी सा महिने पिलंय, त्यातलं कोण आजारी पडलं ते सांगा."

भिवराबाई म्हणाली, "आमचं तुमच्याशी वाकडं न्हाई बाई, पण लोक दूध घेत न्हाईत." मग हात वर झाले. मी हरले. भिवराबाई चेअरमन. दुसऱ्या दिवशी छावणीवरचा फलक बदलला, पुढाऱ्याचा फोटो आला. जनावरं तीच हायेत, चारा कमी झालाय.

उभं राहून सांगितलं तर काय होतं, ते तुला कळावं म्हणून हे लिहिलं.

आता कामाचं. परवा दुपारी बाया टँकरवर गेलत्या. मी घरात भिंतीशी उभी होते, मुंग्या चढवीत. व्हय, करते. वॉर्डात रातंदिस ठणकलं ते पुन्ना नको म्हणून करते. तर मागून बायनाबाई आली. मला वाटलं, आता काय राहिलं हिचं. ती दार लोटून घेऊन म्हणाली, "वच्छलाबाई, जरा बघता का?" आन् झंपराचे हूक काढले. उजवीकडं आवळ्याएवढी गाठ. म्हणाली, दिवाळीपासून हाय.

मी म्हणलं, "दिवाळीपासून गाठ हाय आन् माझ्यावर दुधाचा ठराव आणलास?"

ती म्हणाली, "तुमचं नाव निघालं की माझ्याकडं कुणी बघत नव्हतं."

मला तिला घराबाहेर काढावं वाटलं. न्हाई काढलं. येत्या बुधवारी तिला घेऊन येते. तिच्याशी नीट बोला, ती भित्री हाय. माझ्याशी बोलायची गरज न्हाई.

वच्छला

औरंगाबाद
२६ मे २००४

वच्छलावैनी,

बायनाबाईंचे टाके सुकले. काखेतल्या गाठींत आजार पसरलेला नव्हता, हे तुम्हाला कळलं असेलच. औषधाच्या सुया बाकी आहेत, त्या चुकवू देऊ नका.

त्यांना अभ्यासाबद्दल डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या हो म्हणाल्या. तुम्ही बाकावरून "इचार करून सांग" असं दोनदा ओरडलात, ते बरं दिसलं नाही, पण त्यांनी विचार करूनच सही केली. घरभेट नको, असं त्यांनी सांगितलं आणि ते लिहून घेतलं. आता कुणाच्याच गावात जीप जात नाही. बायकांना इकडे यायचं एसटीचं भाडं मिळतं. हे व्हायला इथे बरीच भांडणं झाली. मला अभ्यासाच्या कामातून काढून रात्रपाळीला टाकणार होते, ते डॉक्टरबाईंनी थांबवलं. तुमच्यासाठी भांडले असं समजू नका.

पाकीट उघडलं. बायनाबाई कागदाच्या गटात आल्या.

तुमची घरं समोरासमोर. तुम्हाला व्यायाम येतो, त्यांना येत नाही. दिवाळीनंतर मी जिथे उभी होते तिथे आता तुम्ही उभ्या आहात. त्यांना शिकवायचं नाही. वर्ष झालं की कागदाच्या गटातल्या सगळ्यांना शिकवायचं ठरलं आहे. त्याआधी सूज आली तर आम्ही उपचार करू. निकालात असं दिसलं की व्यायामाचा खरोखर उपयोग होतो, तर पुढे प्रत्येक बाईला पहिल्या दिवसापासून तो मिळेल, चिठ्ठी न टाकता. त्यासाठी हे वर्ष लागतं.

मी गप्प राहिले म्हणून तुम्ही मला काय काय म्हणालात ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. आता तुम्ही किती गप्प राहता ते बघते.

रतन

हिवरखडा
१० जून २००४

रतन,

तुझं पत्र वाचून आठ दिवस मी गप्प बसले. घरात, दार लावून व्यायाम केला. बायनाबाई समोरच्या ओट्यावर बसलेली असायची, कागद मांडीवर घेऊन. तिला वाचता येत न्हाई. तिचा नवरा वाचून दाखवतो, 'हात स्वच्छ ठेवा.' पाणी कुठं हाय हात स्वच्छ ठेवाया?

त्या आठ दिसांत मला तुझं जे कळायचं ते कळलं. तुझा राग मला अजून येतो. पण मला वाटलंतं की तुला गप्प बसणं सोपं गेलं असंल. ते सोपं न्हाई.

नवव्या दिशी मी बाहेर आले. माझ्या ओट्यावर, माझ्या भिंतीला तोंड करून हात वर चढवाया लागले. उजेडात. घरात उकडतं, म्हणून. मी तिला शिकवलं न्हाई. तोंडानं एक शब्द बोलले न्हाई. पण मागं वळून बघितलं न्हाई असं म्हणणार न्हाई. वळले. ती तिच्या भिंतीशी उभी होती. तिची बोटं वर चालली होती, येडीवाकडी. मी मग माझा हात जरा सावकाश चढवला, तिला नीट दिसावा म्हणून.

दुसऱ्या दिशी तिच्यासंगं तिची सून उभी होती. नंतर शेजारची राधाकिशनची आई, तिला तर काहीच झालेलं न्हाई, खांदा दुखतो म्हणली.

मला शेकडो बायांचं भलं कळतं. अडाणी न्हाई मी. पण त्या शेकडो बाया माझ्या समोरच्या ओट्यावर बसत न्हाईत.

हे तुझ्या डॉक्टरबाईला सांग. लपवू नको. मी एकदा लपवून बघितलंय. बायनाबाईचं नाव काटायचं तर काटा, मला दोष द्यायचा तर द्या. तुमच्या हिशोबात ती कागदाच्या गटातली म्हणून खोटी मोजू नका.

वच्छला

औरंगाबाद
१७ जून २००४

वच्छलावैनी,

तुमचं पत्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. मला वाटलं मला बोलतील. म्हणाल्या, "हे लिहून कळवायला हिला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाल्या, "आपल्याला न कळवता किती ओट्यांवर हे चाललं असेल, कोण जाणे."

नियम आहे तसा पाळला. बायनाबाईंचं जे झालं ते जसंच्या तसं कागदावर चढवलं. त्यांचा पुढचा हिशोब वेगळा ठेवला जाईल. सांगायला मी बायनाबाईंना धुळाजीच्या डब्यावर फोन केला, आजाराचं नाव न काढता. त्यांनी विचारलं, "आता मी करू का?" मी म्हटलं, करा. आता तुम्ही तोंडानं सांगून शिकवा, कारण बोटं वाकडी चढवली तर खांदा धरतो. कोपर ताठ ठेवायला लावा. राधाकिशनच्या आईला आधी डॉक्टरकडे पाठवा, सरसकट सगळ्यांना उभं करू नका. तुम्ही नर्स नाही.

तुमच्यामुळे आमच्या अभ्यासातून दोन बायका गेल्या. केलं ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. मी तुमच्या जागी असते तर दार लावूनच व्यायाम केला असता, वर्षभर. तुम्ही आठ दिवस टिकलात. मला तुमच्याबद्दल अजून बरंच बोलायचं आहे आणि त्यातलं चांगलं फार थोडं आहे.

टेपनं डाव्या हाताचं माप घ्या. मनगटाशी, कोपराच्या खाली, कोपराच्या वर. दादांना लिहून घ्यायला सांगा आणि मला कळवा. हे अभ्यासासाठी विचारत नाही.

रतन